उशीर, क्रम आणि देवाचा पलंग

शाळेच्या वेळेपूर्वी घरोघरी उडणारी धांदल हा सामान्यतः शिस्तीचा प्रश्न मानला जातो. परंतु ‘उशीर’ नेमका कोठे असतो, असे विचारले की तोच प्रश्न तत्त्वज्ञानाच्या प्रांतात शिरतो. वैशेषिक दर्शनाने काल हे नऊ द्रव्यांपैकी एक, म्हणजे मनाबाहेर स्वतंत्रपणे असणारे नित्य तत्त्व मानले आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे ज्या खुणांवरून त्याचे अनुमान करायचे त्यांत ‘चिर’ आणि ‘क्षिप्र’, म्हणजे रोजच्या बोलीतले ‘उशिरा’ आणि ‘लवकर’, यांची गणना केली आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्याची भूमिका वेगळी आहे: खरा असतो तो क्षण, क्षणामागून क्षण येण्याला क्रम म्हणतात, आणि मुहूर्त किंवा दिवस-रात्र हे क्षणांचे समूह केवळ बुद्धीने रचलेले असतात. दाराशी डबा घेऊन ‘आवर लवकर’ म्हणणारी आई नकळत वैशेषिकांचा पक्ष मांडत असते, तर एकच मोजा घालून दुसरा न्याहाळत बसलेले सहा वर्षांचे मूल व्यासभाष्याच्या बाजूचे असते. ‘लवकर’ हा शब्द कळण्यासाठी दोन वेळा मनात धरून त्यांची तुलना करावी लागते, आणि ते त्या वयात अवघड असते. उलट दात घासल्यावर आंघोळ आणि आंघोळीनंतर गणवेश हा क्रम त्याच मुलाला सहज कळतो.

बार्शी-सोलापूर मार्गावरील वैराग येथे या दोन पक्षांमधले अंतर मिनिटांतही मोजता येते. 1906 पासून रूढ झालेली भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि वैराग त्याच्या पश्चिमेस पावणेसात अंशांच्या आसपास असल्याने तेथला सूर्य घड्याळाच्या सरासरी 27 मिनिटे मागे चालतो. म्हणून शनिवारची किंवा उन्हाळ्यातली ‘सकाळची शाळा’ सात वाजता भरत असेल, तर सूर्याच्या हिशेबाने तेव्हा जेमतेम साडेसहा झालेले असतात. प्रमाणवेळ ही बुद्धीने रचलेल्या कालाचे अगदी चोख उदाहरण आहे. तिच्यावाचून वाड्यावस्त्यांवरून मुले आणणारी एसटी धावू शकणार नाही, हे खरे असले तरी मुलाच्या झोपेला तिची ओळख नसते. येथे वडीलधाऱ्यांकडून ब्राह्ममुहूर्ताचा दाखला हमखास दिला जातो. मुहूर्त म्हणजे 48 मिनिटे, आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या 96 मिनिटे आधी सुरू होतो. तो सूर्योदयावरून मोजायचा असतो आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात त्या वेळी उठण्याचा उपदेश निरोगी माणसाला केलेला आहे. रात्री अकरापर्यंत दूरदर्शन संचासमोर जागलेल्या मुलाला पहाटे हा दाखला देणे म्हणजे शास्त्राचा अर्धाच भाग वाचणे होय. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 वाजता किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले, तेव्हा मुलांची अपुरी झोप हेच कारण दिले होते. बुद्धीने रचलेली वेळ बुद्धीला बदलताही येते, एवढे त्यातून दिसले.

झोपलेल्याला उठवून, न्हाऊ-खाऊ घालून, नटवून लोकांसमोर उभे करणे हे काम सोलापूर जिल्ह्यातच शतकानुशतके अत्यंत गांभीर्याने केले जात आहे, ते पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात. काकडआरतीने देवाला जागवणे, स्नान, महानैवेद्य, पोशाख, धूपारती आणि शेवटी शेजारती, म्हणजे देवाला निजवण्याची आरती, हे तेथील नित्योपचार होत. त्यांत पहाटेचा काकडा आदल्या रात्रीच्या शेजारतीवर उभा असतो, ही गोष्ट घरांतून बहुधा विसरली जाते. शिवाय या सेवेसाठी परंपरेने पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे असे सात सेवाधारी नेमलेले होते. त्यांपैकी हरिदासाने गायचे, डिंगरे यांनी आरसा दाखवायचा, दिवट्याने मशाल धरायची, अशी विभागणी होती. वंशपरंपरेचे हे हक्क 1973 च्या अधिनियमाने रद्द झाले आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावरचा वाद संपला. घरी मात्र या सातही जणांचे काम बहुधा एकटी आई करते आणि उशिराचा दोषही तिच्याच पदरी पडतो, याकडे धर्मचिंतकांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

ही तुलना फार ताणता येणार नाही, कारण मूर्ती अंगरखा नाकारत नाही आणि मूल नाकारते. परंतु मुलाचा तो नकार उपचारात बसवता येतो: दोनांपैकी कोणता सदरा घालायचा हे मुलाने आदल्या रात्रीच ठरवले, तर त्या क्रमात त्याचाही हात लागतो आणि सेवा घेणारा स्वतः सेवाधारी होतो.

आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या काळात पंढरपुरात देवाचा पलंग काढून ठेवतात, काकडआरती आणि शेजारती थांबतात, आणि विठ्ठल भक्तांसाठी रात्रंदिवस उभा असतो असे मानले जाते. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. त्या वेळी देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि पलंग पुन्हा शेजघरात जातो. प्रत्यक्ष परब्रह्मालाही जागरणाचा शीण येतो हे ज्या परंपरेने इतक्या सहजपणे मान्य केले, तिच्यातल्याच घरांत रविवारी सकाळी सातला शिकवणी लावलेली आढळते.