तंबू, गाडी आणि खांद्यावरचे ओझे

वाचकहो, 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण सहसा कौतुकाने वापरीत नाही. ज्याची चूल आज इथे तर उद्या तिथे, अशा अस्थिर माणसाविषयी बोलताना ती आपल्या तोंडी येते. पाश्चात्त्य देशांत मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हौसेने बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांची एक मोठी परंपरा निर्माण झाली आहे. सुट्टी लागली की तंबू, अंथरूण व लहानशी शेगडी घ्यावी आणि नदीकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करावा, हा तेथील असंख्य कुटुंबांचा परिपाठ आहे. या मंडळींच्या आयुष्यात पुष्कळदा एक वळण येते. तरुणपणी तंबूत जमिनीवर झोपणारा माणूस उतारवयाकडे झुकला की तंबू गुंडाळून माळ्यावर टाकतो आणि कॅम्परव्हॅन घेतो. कॅम्परव्हॅन म्हणजे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असा सारा संसार आत मांडलेली मोटारगाडी.

हा बदल वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो ज्यांनी कधी तंबू ठोकला नाही अशा तुम्हाआम्हालाही चुकत नाही. वय व ऐपत वाढत जाते तशी आपण एकेक सोय जोडत जातो. या सोयींबरोबर आपण पुढे जात असतो, की मूळ प्रवासच हळूहळू सोडून देत असतो?

प्रथम या परंपरेकडे थोडे पाहू. टॉमस हायरम होल्डिंग या इंग्रज शिंप्याने 1853 साली, वयाच्या नवव्या वर्षी, आईवडिलांबरोबर गाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेतील गवताळ मैदाने पार केली होती. पुढे त्याने सायकलीवर बांधून नेता येतील असे हलके तंबू तयार केले. 1901 साली इंग्लंडमध्ये सायकलीवरून तंबूप्रवास करणाऱ्यांची जी संघटना स्थापन झाली तिचा तो प्रणेता होता, आणि 1908 साली त्याने या विषयावरचे मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. दुसरीकडे डॉ. गॉर्डन स्टेबल्स हे स्कॉटिश गृहस्थ आरमारात शल्यचिकित्सक होते. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. त्यांनी 1885 साली दोन घोड्यांची एक फिरती घरगाडी बांधून घेतली आणि तिच्यातून इंग्लंडपासून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. जर्मनीत 1931 साली आरिस्ट डेथलेफ्स यांनी मोटारीमागे जोडण्याचे घर बांधले. कामानिमित्त त्यांना सतत फिरतीवर राहावे लागे आणि त्यांच्या चित्रकार सहचारिणीला त्यांच्याबरोबर राहण्याची इच्छा होती, हे त्याचे कारण. 1950 साली फोक्सवागेनची डबेवजा गाडी निघू लागली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यात बसवण्याजोगे पलंग-कपाटांचे सामान तयार केले. आपल्या देशातही 2021 साली महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी अशा घरगाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले.

या हकिकती नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. घरगाडी ही नेहमीच चैनीतून जन्मली असे नाही. कोणाची प्रकृती साथ देईना, कोणाला विरह सोसवेना. आजही तंबू सोडून गाडी घेणाऱ्याची कारणे साधीच असतात. तंबूत शिरताना वाकावे लागते, उठताना गुडघे धरतात. रात्री पाऊस आला तर तणावे ताणण्यासाठी बाहेर जावे लागते. थंडीत आपल्याच श्वासाचे पाणी होऊन कापडाच्या आतल्या बाजूने टपकू लागते. पंचविशीत ज्याची गंमत वाटते, ते पंचावन्नाव्या वर्षी चार दिवस अंग धरून ठेवते.

तरीही गाडी घेणाऱ्या पुष्कळांच्या मनात एक रुखरुख राहते. 'आपण मऊ पडलो, खरा प्रवास संपला,' असे त्यांना वाटते. उलट काहींना वाटते, 'कष्ट केले, देवाने दिले. आता सुख का भोगू नये?' वाचकहो, या दोन्ही उत्तरांशी आपल्या ख्रिस्ती मंडळीचा जुना परिचय आहे. एका उत्तरात गैरसोय हीच पवित्रता ठरते, तर दुसऱ्यात सोय हाच आशीर्वाद ठरतो. मला दोन्ही अपुरी वाटतात.

पहिल्या उत्तराचा विचार करताना आपल्या भाषेतील शब्दांकडे पाहावे. शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना तंबूसाठी कोणता शब्द योजावा हा प्रश्न वारंवार पडतो. डेरा म्हटले की सरदाराची छावणी दिसते, शामियाना म्हटले की लग्नसमारंभ. पाल म्हटले की गावाबाहेर उतरलेले भटके कुटुंब डोळ्यांपुढे येते. कापड तेच, पण त्याखाली राहणाऱ्याची स्थिती वेगळी. हौसेने तंबूत झोपणाऱ्याला परतण्यासाठी पक्के घर असते. पालात राहणाऱ्याला, ऊसतोडीच्या हंगामात कोपीत राहणाऱ्याला, निर्वासितांच्या छावणीत दिवस काढणाऱ्याला ते नसते. त्यांच्यापैकी एखाद्या आईला विचारा की कापडाच्या भिंतीत काही पुण्य आहे काय. ज्या हालअपेष्टेतून सुटण्यासाठी गरीब मनुष्य रात्रंदिवस धडपडतो, तिलाच आपण सद्गुण म्हणून मिरवणे हे त्याच्या दुःखाची थट्टा करण्यासारखे आहे.

शास्त्रही गैरसोयीची अशी पूजा करीत नाही. गणनाच्या सातव्या अध्यायात एक प्रसंग आहे. तो रूक्ष यादीसारखा भासतो म्हणून आपण तो बहुधा भरभर वाचून पुढे जातो. निवासमंडप उभा राहिल्यावर इस्राएलाच्या सरदारांनी सहा छपराच्या गाड्या व बारा बैल अर्पण केले. देवाने मोशेला ते स्वीकारण्यास सांगितले, आणि प्रत्येकाच्या कामाप्रमाणे त्यांची वाटणी झाली. पडदे व आच्छादने वाहणाऱ्या गेर्षोनी लेव्यांना दोन गाड्या व चार बैल मिळाले. फळ्या, खांब व उथळ्या असे जड सामान वाहणाऱ्या मरारी लेव्यांना चार गाड्या व आठ बैल मिळाले. म्हणजे ज्या मंडपात देवाने आपल्या लोकांमध्ये वस्ती केली, तो मंडपच गाडीतून प्रवास करीत होता! ओझे हलके करण्यात देवाला काही वावगे वाटले नाही.

पुढच्याच अध्यायात वयाचाही विचार आहे. पन्नास वर्षांचा झालेल्या लेव्याने दर्शनमंडपाच्या कष्टाच्या सेवेतून मोकळे व्हावे, मात्र आपल्या बांधवांबरोबर राहून राखणीच्या कामी त्यांना साहाय्य करावे, असा नियम तेथे सांगितला आहे. पाठ वाकू लागते हे देवाला ठाऊक होते. पन्नाशीनंतर ओझे उतरवणे ही तेथे निष्ठेची कमतरता गणलेली नाही. पण त्या लेव्याला घरीही पाठवलेले नाही. त्याचे काम बदलले, सोबत सुटली नाही.

यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायातील रेखाबी लोकांचा दाखला तर याहून बोलका आहे. घर बांधू नये, द्राक्षारस पिऊ नये, आयुष्यभर तंबूत राहावे, ही त्यांच्या पूर्वजाची आज्ञा होती व ती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. पण यिर्मया त्यांना भेटला तेव्हा ते यरुशलेमेत राहत होते, कारण नबुखद्रेस्सराच्या सैन्याच्या भीतीने त्यांना तटबंदीच्या आत यावे लागले होते. त्यांचे तंबू सुटले होते. तरीही देवाने त्यांची प्रशंसाच केली आणि त्यांना आज्ञाधारकपणाचा नमुना म्हणून साऱ्या यहूदापुढे ठेवले. परिस्थितीने तंबू हिरावला, पण मनातली निष्ठा हिरावली नव्हती.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग दुसरे उत्तरच खरे. गाडी मिळाली, सुखाने बसावे. पण त्या सहा गाड्यांच्या वाटणीत कहाथी लेव्यांना एकही गाडी मिळाली नाही, हे विसरू नये. कराराचा कोश, समर्पित भाकरीचे मेज, दीपवृक्ष, वेद्या या वस्तू त्यांच्याकडे होत्या व त्या खांद्यावरूनच वाहावयाच्या होत्या. पुढे दावीदाच्या काळी कोश नव्या कोऱ्या गाडीवर ठेवण्यात आला, त्याचा शेवट उज्जाच्या मृत्यूत झाला, आणि दुसऱ्या वेळी लेव्यांनी तो खांद्यावर घेतला. या वचनांचा मूळ विषय पवित्र वस्तूंची वाहतूक हाच आहे. त्यांतून प्रवासाचे नियम काढू लागलो तर शास्त्रावर बळजबरी होईल. पण त्यांत एक विवेक आहे आणि तो आपण घेऊ शकतो. काही ओझी गाडीत टाकण्याजोगी असतात, काही नसतात. गाडी आली म्हणून सर्वच तिच्यात टाकावयाचे नसते.

तंबू सोडणाऱ्याने गाडीत काय टाकू नये? माझ्या मते सर्वांत प्रथम शेजारी. तंबूची भिंत पातळ असते. शेजारच्या तंबूतील खोकला ऐकू येतो, लेकराचे रडणे ऐकू येते. मेख ठोकण्यासाठी हातोडी मागावी लागते, वाऱ्यात कापड धरण्यासाठी दुसऱ्याचे हात लागतात. ही गरज माणसाला माणसाजवळ आणते. गाडीचे दार मात्र आतून बंद होते, पडदे ओढले जातात, आणि कोणाची गरज उरत नाही. गरज नाहीशी होणे हे सुख खरे, पण तिच्याबरोबर ओळखही नाहीशी होते. अब्राहाम ऐन उन्हाच्या वेळी तंबूच्या दारात बसला होता म्हणून तीन पाहुणे त्याच्या दृष्टीस पडले. तंबूत शेजारधर्म आपोआप घडतो. गाडीत तो मुद्दाम उठून, दार उघडून करावा लागतो. तोच खांद्यावरचा भार.

त्याला लागूनच 'पुरे' म्हणण्याची सवय येते. पाठीवर वाहावयाचे असते तेव्हा प्रत्येक वस्तूचे वजन कळते. चाके आली की वजन कळेनासे होते आणि सामान आपल्या गुणाने वाढत जाते. आपला संयम आजवर पाठीच्या कण्याने सांभाळलेला असतो. तो यापुढे मनाने सांभाळावा लागतो.

शेवटी, निघण्याची तयारी. इब्री भाषेत प्रवासाला निघणे या अर्थी जे क्रियापद वारंवार येते, त्याचा मूळ अर्थ उपटणे, म्हणजे तंबूच्या मेखा उपटणे, असा आहे. निघणे म्हणजे आधी काहीतरी उपटणे. गाडीला मेखा नसतात हे खरे. पण माणूस सवयींच्या मेखा ठोकतो, आणि त्या लोखंडी मेखांहून खोल जातात.

ज्याचा धंदाच तंबू बनवण्याचा होता त्या पौलाकडे आता पाहावे. करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर त्याने हे काम केले. त्या पौलाचे शेवटचे दर्शन प्रेषितांच्या कृत्यांत आपल्याला कोठे होते? तंबूत नव्हे, रोममधील भाड्याच्या घरात. सारा मुलूख पायांखाली घालणारा तो प्रवासी आता पहाऱ्यात होता. परंतु तो दोन वर्षे त्या घरात राहिला आणि येणाऱ्या सर्वांचे स्वागत करीत राहिला, असे लूक लिहितो. पाय थांबले होते, दार उघडे होते. पौलाला तंबूवाला म्हणावे की घरवाला, हा प्रश्न तेथे गौण ठरतो.

प्रिय वाचकहो, तुम्हापैकी अनेकांनी रेल्वेच्या, सैन्याच्या वा रुग्णालयाच्या नोकरीनिमित्त देशभर बिऱ्हाडे हलवली आहेत. एका खोलीतून दोन खोल्यांत, दोन खोल्यांतून स्वतःच्या घरात आला आहात. आपल्या कित्येक मंडळ्याही झाडाखालच्या उपासनेतून दगडी मंदिरात आल्या. त्याबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही, उपकारस्तुती करावी. मात्र भिंती जाड झाल्यापासून आपल्याला शेजाऱ्याचा खोकला ऐकू येतो का, एवढे आज रात्री स्वतःला विचारावे.

आणि एक तंबू असा आहे की तो कोणालाच माळ्यावर टाकता येत नाही. हिज्कीया राजा आजारातून उठल्यावर आपल्या आयुष्याविषयी बोलताना मेंढपाळाच्या उपटलेल्या राहुटीची उपमा देतो; पौल देहाला तंबू म्हणतो. उत्तम गाडी घेतली तरी आत झोपणारा हा तंबूच असतो, आणि त्याच्या मेखा एक एक करून सैल होत असतात. ज्याने आयुष्यभर ओझी कोठली उतरवावी व कोठली खांद्यावर ठेवावी हे ओळखले, त्याला त्या अखेरच्या निघण्याचे भय वाटू नये. कारण हाताने न बांधलेले घर पुढे आहे, आणि आपला प्रभू स्वतः आपल्यामध्ये तंबू ठोकून राहून गेला आहे. त्याला ही वाट ठाऊक आहे.