दुसरा मैल कोणाचा?

संध्याकाळच्या वर्गात माझ्यापुढे बसतात ते बहुतेक एमआयडीसीतले सुपरवायझर. 'गो द एक्स्ट्रा माईल' त्यांना माझ्याआधी त्यांच्या साहेबांनीच शिकवलेलं असतं. अर्थ पक्का ठाऊक: वाट्याला आलं त्याहून जास्त काम करायचं. मग मूळ कथा सांगायची कशाला?

हा वाद आपल्याकडे जुना आहे. 'कुशल' म्हणजे मुळात दर्भ खुडून आणणारा. त्याचा 'निष्णात' हा अर्थ रूढीने आलेली लक्षणा, असं अकराव्या शतकातला मम्मट 'काव्यप्रकाशा'त म्हणतो. चौदाव्या शतकातला विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त ते खोडून काढतो. शब्द कुठून आला हे वेगळं, चालतो कसा हे वेगळं; निष्णात हाच त्याचा सरळ अर्थ. मी मूळची संस्कृतची, आणि एरवी विश्वनाथाच्या बाजूची. कामाचा श्रीगणेशा करणाऱ्याला गणपतीवर श्रद्धा आहे का, असं कुणी विचारत नाही. माझ्या वर्गातली मुसलमान मुलंही तो खुशाल करतात.

या मैलापाशी मात्र मी अडते. तो मत्तयाच्या शुभवर्तमानातला, डोंगरावरच्या प्रवचनातला. रोमन शिपाई वाटेवरच्या कुणालाही धरून ओझं वाहायला लावू शकत असे. वेठच ती. येशूचं सांगणं असं की, एक मैल बळेच नेलं तर त्याच्याबरोबर आणखी एक चाल. पहिला मैल सक्तीचा. दुसऱ्यात गोंधळतो तो शिपाई, कारण आता ओझेवाला स्वतःच्या मर्जीने चालतोय. (दुबळ्याची ही नुसती समजूत काढणं झालं, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही, पण ते ठामपणे खोडताही येत नाही.) काही असो, हे सांगितलं ओझं वाहणाऱ्याला, शिपायाला नव्हे.

अप्रेझलच्या फॉर्मवर मात्र हा मैल शिपाईच मागतो. मागितला की तो दुसरा राहतच नाही, पहिलाच लांबतो. नुसता रूढार्थ शिकवला तर माझा विद्यार्थी बिनचूक इंग्रजी बोलेल, आणि उद्या बढती मिळाली की तेच वाक्य हाताखालच्या पोराला ऐकवेल. म्हणून मी कथा सांगते, वेळ जातो तरी.

परवा एकाने विचारलं, "मग मॅडम, सायबाला नाही कसं म्हणायचं, इंग्रजीत?" पुढचा अख्खा तास त्यावरच घेतला: आधी नम्र नकार, मग ओव्हरटाइमचा दर विचारायची वाक्यं.