त्वरित निर्णय आणि त्याचा भार

संकटकाळी चार माणसांचे मंडळ निरुपयोगी ठरते आणि एका खंबीर पुरुषाच्या हाती सर्व सूत्रे असली म्हणजेच निर्णय त्वरित होतो, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात खोल रुजलेली आहे. हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या वर्षाचा इतिहास या समजुतीस पुष्टी देत नाही. तेथे सर्वाधिकार एकाच पुरुषाच्या हाती होते, आणि निर्णयाचा शोचनीय खेळखंडोबाही तेथेच झाला.

ऑक्टोबर १९४७ मध्ये भारत सरकारशी करावयाच्या 'जैसे थे' कराराचा मसुदा निजामाच्या मंत्रिमंडळाने बहुमताने स्वीकारला. निजामाची संमतीही मिळाली. सही मात्र आज-उद्यावर जात राहिली. २७ तारखेच्या पहाटे छत्तारीचे नवाब प्रभृती शिष्टमंडळातील मंडळींच्या घरांना रझाकारपक्षीय जमावाने वेढा घातला. प्रयाण राहिले, शिष्टमंडळ बदलले, पंतप्रधानही बदलला. आणि २९ नोव्हेंबरला निजामाने बहुतांशी तोच करार सही करून दिला. येथे वेळेची उणीव नव्हती, सल्लागारांची तर नव्हतीच. संस्थानात अखेरचा शब्द निजामाचा की कासीम रझवींचा, हा प्रश्न मात्र कोणीच सोडवून ठेवला नव्हता.

त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या मंडळाची स्थिती बाह्यतः कितीतरी वाईट होती. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा गजाआड झाले. लढ्याची सूत्रे दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीकडे, आणि व्यवहारात सरहद्दीवरच्या तळांतील कार्यकर्त्यांकडे होती. ३० जानेवारीला उमरखेडच्या तळावरील सैनिकांनी पैनगंगेच्या अलीकडे येऊन नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर छापा घातला व सुमारे २० लाखांची रक्कम लढ्यासाठी नेली.

ज्या संघटनेने १९३८ मध्ये सत्याग्रहाने आपल्या जीवनास आरंभ केला, तिच्या माणसांनी बँक लुटावी काय? योगायोग असा की, त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली. त्यांचा कौल मागण्याची सोय उरली नाही. तथापि १९४२ च्या चळवळीतील गुप्तता व घातपात त्यांनी सुटकेनंतर अमान्य केला होता, हे लक्षात घेता त्यांचे उत्तर काय आले असते याविषयी फारशी शंका बाळगण्याचे कारण नाही.

माझ्या मते छाप्याच्या समर्थनाचा आधार त्याच्या धाडसात शोधू नये. धाडस दरोडेखोरांपाशीही असते. आधार असा की, निजामाच्या राजवटीस प्रजेची मान्यता नाही, हा मूळ प्रश्न या मंडळींनी दहा वर्षे तुरुंगवास सोसून सावकाश सोडविला होता. ऐन वेळी त्यांना केवळ साधनांचा विचार करावयाचा होता. ज्यास आपण त्वरित निर्णय म्हणतो, तो बहुधा अशा दीर्घ विचाराचा शेवटचा एक तास असतो. निजामापाशी तो तास होता, त्यामागची वर्षे नव्हती. आणखी एक अट मी यात घालीन. सार्वजनिक कार्यासाठी उचललेला पैसा उचलल्या क्षणापासून सार्वजनिक ठेव होतो. त्याचा पैन्‌पै हिशेब देण्याची सिद्धता आधीच नसेल, तर मूळ प्रश्न कितीही नीट सुटलेला असो, ती लूटच.

एवढ्याने माझे समाधान होत नाही, हेही सांगितले पाहिजे. तळ सरहद्दीपलीकडे होता, बँक अलीकडे होती. ज्यांनी निर्णय घेतला ते परत जाऊ शकत होते (जिवावरचा धोका पत्करून, हे खरे). उमरीच्या बाजारातला व्यापारी, स्टेशनातला हमाल, आसपासच्या खेड्यांतली कुणबी कुटुंबे तेथेच राहणार होती. रझाकारांचा सूड कोणावर उतरतो हे १९४८ च्या मराठवाड्यात कोणास शिकवावे लागत नव्हते. या माणसांना विचारणे शक्य होते काय? नव्हते, विचारले असते तर गुप्तता संपली असती, आणि गुप्ततेवाचून छापाच नव्हता. हा पेच कोणत्याही युक्तिवादाने सुटत नाही. गीतेतला अर्जुन दोन्ही सैन्यांमध्ये रथ थांबवून प्रश्न तरी विचारू शकला. तळावरच्या कार्यकर्त्याला तितकीही उसंत नव्हती, आणि ज्यांच्यासाठी विचारावयाचे ते त्याच्या समोर नव्हते.

अशा वेळी एवढेच शक्य असते की, मंडळात कोणीतरी एकाने त्या अनुपस्थित माणसांच्या वतीने बोलावे: उद्या त्या गावात काय होईल, पळणाऱ्यांना नदीपलीकडे कोठे आसरा द्यावयाचा, त्यांच्या अन्नाची तरतूद कोण करणार. या बोलण्याने छापा थांबेलच असे नाही. कदाचित थांबूही नये. पण ज्या मंडळात असे बोलणाऱ्यास भित्रा ठरवून गप्प बसवितात, त्या मंडळाची त्वरा आणि २७ ऑक्टोबरच्या पहाटेच्या जमावाची त्वरा यांत फरक करणे मला कठीण जाते.