प्रार्थनेचा विषय

चर्चच्या महिला मंडळाची सभा कुठल्याही वस्तीत असो, तिथं एक प्रश्न ठरलेला असतो. गाणी झाली, वचन वाचून झालं, की सभा चालवणारी बाई वही उघडते आणि विचारते, "प्रार्थनेचे विषय काय आहेत?" मग एकेक जण बोलू लागते. मुलीच्या बारावीसाठी. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. मिस्टरांच्या नोकरीसाठी. आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणते, "घरच्या शांतीसाठी."

वहीत प्रत्येकीची एक ओळ पडते, पण बसलेल्या बायकांना ओळीमागचं सगळं कळलेलं असतं. मिस्टरांच्या नोकरीसाठी म्हणजे पगार थांबलाय आणि वाण्याची उधारी थकलीय. बारावीसाठी म्हणजे क्लासची फी भरायची राहिलीय. घरच्या शांतीसाठी म्हणजे काय, हे तर सांगायलाच नको.

मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. हात पसरणं कुठल्याही बाईच्या जिवावर येतं, आणि जिच्याकडे जपायला अब्रूवाचून दुसरं काही उरलेलं नाही, तिच्या तर फारच. "पाचशे रुपये द्या" असं ती कधी म्हणणार नाही. पण "माझ्यासाठी प्रार्थना करा" असं ती चारचौघींत म्हणू शकते, कारण शेजारी बसलेल्या, बऱ्या नोकरीतल्या बाईनंही आत्ताच तेच म्हटलेलं असतं. सगळ्याच मागणाऱ्या असल्या की मागण्याची लाज वाटत नाही.

ट्रॉम्ब्यात याची किंमत जास्त कळते. इथला चिता कॅम्प म्हणजे मुळात उठवलेल्या माणसांची वस्ती. आणीबाणीत, मे 1976 मध्ये, पावसाळा तोंडावर असताना भाभा अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी पाडली गेली आणि तिथल्या हजारो माणसांना इथं आणून वसवलं गेलं. तमिळ, मराठी, उत्तरेकडचे. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, सगळे त्यात होते. पत्रे ठोकून घर पुन्हा उभं राहतं, शेजार तसा उभा राहत नाही. जिचं माहेर तिरुनेलवेलीला किंवा जालन्याला, तिच्या बाळंतपणात अळिवाची खीर कोण करणार? नवरा रुग्णालयात पडला तर रात्री त्याच्या उशाशी कोण बसणार, आणि घरी मुलांना कोण जेवू घालणार? अशा वेळी मंडळातल्या बायका पाळ्या लावतात. जिच्याकडे पैसा असतो ती रिक्षाचं भाडं देते. जिच्याकडे नसतो ती गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात रात्रभर बसते. ही दुसरी मदत पहिलीपेक्षा तसूभरही कमी नाही. कायम घेणारीच ठरलेल्या बाईला काहीतरी देता येणं, हे तिच्यासाठी औषधासारखं असतं. म्हणून मंडळात एखादी म्हातारी विधवा "मी येते ना बसायला" म्हणाली, तर तिला "राहू द्या आजी" म्हणू नये.

याच जनता कॉलनीतून जोकिन अर्पुथम पुढे आले. झोपडीवासीयांचे देशातले मोठे पुढारी, 2000 साली मॅगसेसे पुरस्कार मिळालेले. पुढे भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली, तिच्यातही ते होते. या बायकांची बचत रोजची असे. एक जण रोज दारोदार जाऊन जमतील तेवढे रुपये गोळा करायची. एवढ्याशा पैशासाठी रोज कशाला हिंडायचं, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण रोज दारात गेलं की कुणाची चूल पेटली नाही, कुणाच्या डोळ्याखाली काळं-निळं झालंय, कुणाचं पोर तापानं फणफणलंय, हे आपोआप कळतं. पैसे हे दारात जाण्याचं निमित्त. चर्चमधल्या बायकांना प्रार्थना हे तसंच निमित्त व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रेषितांच्या कृत्यांत टबीथेची गोष्ट आहे. ती यापो गावात राहायची. दुर्कस हे तिचंच दुसरं नाव. ती वारल्यावर पेत्र आला, तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत त्याला तिनं शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं दाखवू लागल्या. तिच्या प्रार्थना किती लांब असत, हे तिथं कुणी सांगत बसलं नाही. मी शिवणकाम करणाऱ्या बायका पाहते, तेव्हा मला या गोष्टीतली एक न लिहिलेली बाजू दिसते. माप घेतल्याशिवाय अंगरखा बेतता येत नाही. म्हणजे टबीथा त्या विधवांच्या घरी गेली असणार, कुणाच्या खांद्याची हाडं वर आलीत, कोण वर्षभरात किती वाळलीय, हे तिच्या हाताला कळलं असणार.

आपल्या मंडळांत सगळं असंच चालतं, असं मात्र म्हणवत नाही. सभेत विश्वासानं सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नळावर पोचते, हे कितीदा तरी होतं. एकदा पोळलेली बाई मग वर्षानुवर्षं "सगळ्यांच्या आरोग्यासाठी" एवढंच म्हणत राहते. दुसरं, "प्रार्थना करते हं" हे वाक्य कधीकधी दार लावून घेण्यासाठीही वापरलं जातं. भुकेल्याला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यांना याकोबानं आपल्या पत्रात चांगलंच सुनावलंय, ते वचन आपण वाचतो आणि पान उलटतो. आणि तिसरं, सगळ्यात वाईट. मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, प्रभू त्याला बदलेल" असं सांगणाऱ्या बायका चर्चमध्येच भेटतात. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो बायबल हातात धरून दिला म्हणून बरोबर होत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 साली झाला. त्याची माहिती मंडळाच्या सभेत वचनाइतक्याच शांतपणे सांगितली गेली पाहिजे. पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर तिच्याशेजारी दोन तास बसून राहणं, हीसुद्धा तिच्या "घरच्या शांतीसाठी" केलेली प्रार्थनाच.

मोठं काही उभारा, असं मी म्हणत नाही. निधी, समिती, पावतीपुस्तक, हे ज्यांना जमेल त्यांनी करावं. पण येत्या सभेत वहीत विषय लिहून घेतले जातील, तेव्हा प्रत्येक विषयासमोर आपल्यातल्या एकीचं नावही लिहून ठेवा. ती दोन दिवसांत त्या घरी जाऊन येईल. जाताना "भात जास्तीचा झाला होता" असं खोटं बोलून डबा नेला तरी चालेल.