प्रेमाने दिलेले मत

एखाद्या माणसावर आपले प्रेम असावे आणि त्या प्रेमापोटी आपण त्याला मत द्यावे, यात नीतीच्या दृष्टीने काही गैर आहे काय? पैसे घेऊन दिलेले मत वाईट, धाकाने दिलेले त्याहून वाईट, जात पाहून दिलेले संकुचित, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु प्रेमाने दिलेल्या मताला नावे ठेवताना आपली जीभ अडखळते. प्रेम ही काही लाच नव्हे. ते निरपेक्ष असते. मग त्यातून निघालेले मत सदोष कसे असेल?

हा प्रयोग आंध्रातील लोकांनी फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. नंदमुरी तारक रामाराव यांनी १९५७ सालच्या ‘मायाबाजार’मध्ये कृष्ण आणि १९६३ सालच्या ‘लवकुश’मध्ये राम रंगवला. १९८२ च्या मार्चमध्ये त्यांनी तेलुगू देशम हा पक्ष काढला आणि १९८३ च्या जानेवारीत ते मुख्यमंत्री झाले. तिकडची माणसे भाबडी, पडद्यावरच्या देवाला खरा देव समजतात, असे म्हणून आपण हा विषय हसण्यावारी नेतो. मराठी माणूस नाटकवेडा खरा. पण नटाला टाळी द्यावी, गादी देऊ नये, एवढा विवेक त्याला आहे, अशी आपली एक लाडकी समजूत आहे. ही समजूत निदान आमच्या भागापुरती तरी २००४ साली कसोटीला लागली.

मी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहतो. त्या वेळी हा सारा परिसर उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात मोडत असे. १९८९ पासून लागोपाठ पाच वेळा तेथून राम नाईक निवडून आले होते. त्यांनी १९६४ साली गोरेगावात प्रवासी संघ स्थापन केला होता, आणि लोकलने हिंडणाऱ्या माणसाची गाऱ्हाणी मांडणे हे आपले काम मानले होते. पुढे ते केंद्रात पेट्रोलियम मंत्री झाले. त्यांच्यासमोर काँग्रेसने गोविंदा यांना उभे केले, आणि सुमारे ४८ हजार मतांनी नट जिंकला, कार्यकर्ता हरला.

या निकालाला भाबडेपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण गोविंदा हा विरारच्या दृष्टीने नुसता नट नव्हता. वडील अरुणकुमार आहुजा हे एके काळचे नायक, आई निर्मलादेवी या गायिका. दैव फिरले आणि हे कुटुंब विरारला आले. मुलगा येथेच वाढला, वसईच्या वर्तक महाविद्यालयातून वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला, आणि १९८६ साली ‘इल्जाम’मधून एकदम नावारूपाला आला. मुंबईच्या लेखी विरार म्हणजे लोकलच्या पाटीवरचे शेवटचे नाव आणि चेष्टेचा एक विषय. त्या नावाला या मुलाने प्रतिष्ठा दिली. आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाई त्या निवडणुकीच्या सुमारास म्हणत, “तो आपला पोरगा आहे हो!” त्या वाक्यातला जिव्हाळा खोटा नव्हता. ज्यांना कोणी विचारीत नाही, अशांना आपल्यातला एक जण साऱ्या देशाला आवडतो याचे केवढे अप्रूप वाटत असेल, हे ज्याने कधी उपेक्षा भोगली नाही त्याला कळणार नाही.

तेव्हा हे मत कृतज्ञतेचे होते, असे म्हणू या. परंतु कृतज्ञता ही आपल्या स्वतःच्या मालमत्तेतून फेडायची असते. आवडत्या नटाचा चित्रपट मी चार वेळा पाहिला तर पैसे माझे जातात. मताचे तसे नाही. माझ्या एका मताने माझ्या शेजाऱ्याचाही प्रतिनिधी ठरत असतो. ज्या मुलाला अजून मताचा अधिकार नाही, जी बाई टँकरची वाट पाहत हंडा घेऊन उभी आहे, जो म्हातारा गर्दीमुळे गाडीत चढू शकत नाही, त्या सर्वांच्या पाच वर्षांचा निकाल त्या एका खुणेत थोडाफार गुंतलेला असतो. मत ही मला मिळालेली ठेव आहे. ती मी कोणाला बक्षीस म्हणून कशी देऊ?

येथे कोणी म्हणेल की, मग सेवा करणाऱ्यालाच जन्मभर निवडून द्यायचे काय? मुळीच नाही. पाच वेळा निवडून येणे म्हणजे मतदारसंघाचा सात-बारा नावावर होणे नव्हे. कार्यकर्त्यालाही घरी बसवण्याचा मतदाराला पूर्ण अधिकार आहे. तसेच नट असणे हा काही दोष नव्हे. शेजारच्याच वायव्य मुंबई मतदारसंघातून सुनील दत्त १९८४ पासून पाच वेळा निवडून आले. पंजाब होरपळत असताना १९८७ साली हा मनुष्य मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी चालत गेला. रामारावांनी तरी दोन रुपये किलोने गरिबाला तांदूळ दिलाच. मग दोघांत फरक करायचा तो कशावरून?

मला वाटते, तो असा करावा. नटाचे जीवन दिसण्यावर उभे असते. हजारो डोळे त्याच्याकडे पाहतात आणि त्याने कोणाकडेही पाहिले नाही तरी चालते. प्रतिनिधीचे काम नेमके उलटे आहे. त्याने पाहायचे असते. सुनील दत्त रस्त्यावर उतरले तेव्हा दिसण्याकडून पाहण्याकडे गेले. गोविंदांच्या बाबतीत हे स्थित्यंतर झाले नाही. लोकसभेतील त्यांची उपस्थिती फार थोडी, आणि मतदारसंघात ते भेटत नाहीत, अशी तक्रार वर्तमानपत्रांतून वारंवार होत राहिली. २००९ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेतून ते पुन्हा राजकारणात आले, तेव्हा मधल्या काळाला त्यांनी चौदा वर्षांचा वनवास म्हटले.

वनवासाची उपमा निघालीच आहे, तर तिचा थोडा विचार करू. आपण निवडणुकीत नेहमी राम शोधतो. पडद्यावर ज्याने राम रंगवला, त्याला आंध्राने गादीवर बसवले. पण लोकशाहीत राम कोण? ज्याचे राज्य आहे तो, म्हणजे लोक. प्रतिनिधीची भूमिका भरताची आहे. दुसऱ्याच्या पादुका सिंहासनावर ठेवून नंदिग्रामात खाली बसायचे, चौदा वर्षे कारभार पाहायचा आणि हिशेबासह राज्य परत करायचे, ही ती भूमिका. रामाला कोणी हिशेब विचारीत नाही. भरताला विचारता येतो; किंबहुना तो विचारण्याची वाट न पाहता स्वतःच देतो. नटाला ही दुय्यम भूमिका जड जाते, यात नवल नाही. नवल हे की, ती त्याला आपणही देऊ करीत नाही. आपण त्याला नायकच ठेवू इच्छितो.

आणि म्हणून पुन्हा त्या बाईंच्या शब्दाकडे यावे लागते. ‘आपला पोरगा’ म्हणताना आपल्याला काय अभिप्रेत असते? घरातला मुलगा रात्री उशिरा आला तर आई दारातच विचारते, “कुठे होतास इतका वेळ?” परक्याच्या मुलाला ती असे विचारणार नाही. जेथे आपलेपणा अधिक, तेथे जाब विचारण्याचा हक्क अधिक. आम्ही मात्र त्या मुलाला मत दिले आणि प्रश्न विचारायचे राहू दिले; तो येईल म्हणून गच्चीवर उभे राहिलो आणि आला नाही तेव्हा कुरकुरलो. ते प्रेम आईचे नव्हते, प्रेक्षकाचे होते. प्रेक्षकाचे प्रेम खरे असते, उदारही असते. परंतु खेळ संपला की त्याचे काम संपते. नागरिकाचे काम तेथून पुढे सुरू होते.

पुढे मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ पासून विरार पालघर मतदारसंघात गेले. त्याच वर्षी वसई-विरारला महानगरपालिका मिळाली. नकाशे बदलले, उमेदवार बदलले. उद्या कोणी नट येईल, कोणी खेळाडू येईल, कोणी कीर्तनकारही येईल, आणि तो आपल्याला आवडेल. आवडू द्यावा. प्रेमाने मत देण्यात पाप नाही. मात्र ज्याला आपण प्रेमाने मत दिले, त्याला दुसऱ्या दिवसापासून, आईने विचारावे तितक्या सरळपणे, “कुठे होतास?” असे विचारण्याची आपली तयारी आहे की नाही, एवढे शाई लावण्यासाठी बोट पुढे करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे. ती तयारी नसेल तर त्या प्रेमाची जागा चित्रपटगृहात आहे. मतदान केंद्रात नाही.