तुटलेली वाक्यं

टिली ओल्सनच्या ‘योनॉनडिओ’ कादंबरीत भर उन्हाळ्यात फळांच्या बरण्या भरण्याचा एक प्रसंग आहे. ॲना हॉलब्रुक चुलीपुढे उभी आहे. जेलीवरचा फेस काढायचा, पीच सोलून बरण्यांत भरायचे आणि मधल्या मधे काहिलीने हैराण झालेली पोरं सांभाळायची. नवरा तिकडे कत्तलखान्याच्या वाफेत राबतो आहे. ओल्सनचं वाक्य इथे ॲनाच्या हाताबरोबर चालतं. सुरू होतं, अडतं, पोर रडलं की तुटतं, पुन्हा तिथूनच उचललं जातं. बाईच्या कष्टांची वर्णनं पुष्कळांनी केली. पण कष्ट माणसाचा विचारच अर्ध्यावर कसा तोडतात, हे वाक्याच्या घडणीतून दाखवणारी लेखिका विरळाच.

हे तिला बाहेरून बघून सुचलेलं नाही. नेब्रास्कात वाढलेली, रशियातून आलेल्या समाजवादी ज्यू आईबापांची ही मुलगी. शाळा अर्ध्यावर सुटली, कत्तलखान्यात काम केलं, कामगारांना पत्रकं वाटली म्हणून तुरुंगात गेली. 1932 साली, विशीत पाऊल टाकताना, तिने ही कादंबरी हाती घेतली. पुढे चार मुली, नोकऱ्या, युनियनचं काम, आणि लेखन जवळजवळ वीस वर्षं थांबलं. तिचा ‘टेल मी अ रिडल’ हा कथासंग्रह आला तो थेट 1961 साली.

त्यातल्या पहिल्याच कथेत एक आई इस्त्री करता करता आपल्या थोरल्या मुलीचा, एमिलीचा, विचार करते आहे. नवरा सोडून गेलेला, म्हणून आठ महिन्यांची एमिली तिला शेजारणीकडे ठेवून कामावर जावं लागलं. या कथेला आईच्या अपराधभावाची कथा म्हणतात, ते मला पटत नाही. ही आई रडून माफी मागत नाही, हिशेब मांडते: कोणते तास कुणी घेतले, आणि पोरीच्या वाट्याला काय उरलं.

ओल्सनचा स्त्रीवाद मला या हिशेबात दिसतो. तिच्या बायका बिचाऱ्या नाहीत. ‘योनॉनडिओ’च्या शेवटाजवळ ॲनाच्या तान्ह्या मुलीच्या, बेसच्या, हाती बरणीचं एक झाकण लागतं. ते ती टेबलावर आपटते, सोडते, पुन्हा उचलते, पुन्हा आपटते. आवाज आपण केला हे कळल्यावर तिला झालेला आनंद ओल्सन अशा तन्मयतेने लिहिते की कर्तृत्वाची भूक प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो, याची खात्री पटते. मग ॲनाच्या वयापर्यंत ती जाते कुठे? ‘सायलेन्सेस’ (1978) या पुस्तकात ओल्सनने हाच प्रश्न साहित्याला लावला. मान्यता पावलेल्या बारा लेखकांमागे लेखिका एकच, हे तिने मोजून दाखवलं.

‘योनॉनडिओ’चे हरवलेले कागद पुढे कधीतरी सापडले. 1974 साली तिने ते जुळवून छापले, नवं काही लिहिलं नाही. कादंबरी जिथे तुटली होती तिथेच तुटलेली राहू दिली. तिच्या साऱ्या लेखनातला हा सर्वांत प्रामाणिक निर्णय आहे, असं मी मानते.