रिसेट सगळ्यात शेवटी

चि. सायली हिस,


बाल्कनीतला दिवा आणि आईच्या खोलीतला स्मार्ट प्लग ॲपमध्ये सारखे 'ऑफलाइन' दिसतात, म्हणून तू दर वेळी ते रिसेट करून नव्याने जोडतेस. काही दिवस चालतं, मग पुन्हा तेच रडगाणं. रिसेट शेवटी ठेव. त्याने बिघाडाच्या खुणाच पुसल्या जातात.

टेलिफोन खात्यात टेस्ट डेस्कवर तक्रार आली की लाइनमनला खांबावर चढवण्याआधी आम्ही एमडीएफवर, म्हणजे बाहेरची केबल आणि एक्स्चेंज जिथे जोडले जातात त्या चौकटीवर, जोडणी सोडवून दोन्हीकडे तपासायचो. दोष एक्स्चेंजच्या आत आहे की बाहेरच्या केबलमध्ये, एवढं कळलं की निम्मं काम झालं. तुझ्या घरची एमडीएफ म्हणजे राउटरच्या सेटिंगमधली सध्या जोडलेल्या उपकरणांची यादी. दिवा यादीत आहे, तरी ॲप त्याला ऑफलाइन म्हणतं? मग घरातलं वाय-फाय बहुधा ठीक आहे. दोष इंटरनेटमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हरवर शोध. एकाच कंपनीची सगळी उपकरणं एकदम गेली आणि बाकीची चालू असली, तर सर्व्हरवर संशय धर आणि निवांत चहा घे. यादीत दिवाच नसेल तर मात्र भानगड घरातली.

अशा बहुतेक दिव्यांना आणि प्लगना फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा समजतो. राउटर 2.4 आणि 5 एकाच नावाने दाखवत असेल तर जोडणीच्या वेळी काही उपकरणं गोंधळतात. तेवढ्यापुरता 5 चा पट्टा बंद कर. सुरक्षिततेच्या सेटिंगमध्ये फक्त डब्ल्यूपीए 3 असेल तर जुनी उपकरणं आत येतच नाहीत. नवा राउटर लागल्यावर काही वस्तू अचानक तुटल्या, की आधी या दोन जागा बघायच्या.

2.4 मध्ये गर्दी फार. तुमच्या इमारतीत घरटी एक राउटर, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. त्यातला रिकामा बघून पक्का कर, रुंदी 20 मेगाहर्ट्‌झच ठेव. मायक्रोवेव्ह ओव्हनही 2.45 च्या आसपासच गुणगुणतो. म्हणून दिवा किती वाजता तुटतो, तेव्हा स्वयंपाकघरात काय चाललं होतं, हे वहीत लिहीत जा. वहीसारखं हत्यार नाही.

मग जागा. फोनवरच्या वाय-फाय तपासणीच्या ॲपमध्ये 2.4 चा सिग्नल दिव्याजवळ उभी राहून बघ. उणे 50 डीबीएम उत्तम, उणे 80 म्हणजे त्याचा हजारावा भाग. तुमचा राउटर टीव्हीच्या मागे कोंबलेला, पलीकडे लोखंडी कपाट, फ्रीज आणि सळयांची भिंत! त्याला उंच, उघड्यावर आण. सोबत राउटरचा छोटा यूपीएसही घे. वीज परतल्यावर दिवे लगेच जागे होतात, राउटरला मिनिटं लागतात, आणि तोवर एखादा आळशी दिवा प्रयत्नच सोडून देतो.

दाराचा तो झिगबी सेन्सर वेगळ्या जातीचा. तो वाय-फायवर नाही, झिगबीच्या वेगळ्या जाळ्यावर चालतो. त्या जाळ्यात विजेवर चालणारी उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, बॅटरीवरची पोचवत नाहीत. पॅसेजमधला झिगबी दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद झाला की सेन्सरची वाटच तुटू शकते. आणि ते बटण कोण बंद करतं, हे मी सांगायला नको. आईवर चिडू नकोस. खोलीबाहेर पडताना दिवा मालवायचा, हे तुला तिनेच शिकवलंय. बटणावर चिकटपट्टी लावायचाही विचार करू नकोस, वैतागेल ती. बटणामागे, बोर्डाच्या आत बसणारं झिगबी मॉड्यूल मिळतं. ते बसवून झिगबी दिव्याच्या जागी साधा दिवा लाव, म्हणजे तिचं बटण तिला आणि तुझं ॲप तुला. बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रलची तार लागते. आपल्याकडे बोर्डातच सॉकेट असतं, त्यामुळे ती बहुधा तिथेच सापडते. काम वायरमनकडूनच करून घे, आणि मेन स्विच बंद झालाय याची खात्री स्वतः समोर उभी राहून कर.

तुझा,
मामा